भोसरीचा ब्लेड कोटर: थर चकचकीत येतो, पण विद्युतभार वाहतो का?

पुण्याजवळच्या भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कारखान्याने बनवलेले, मेजावर मावणारे ब्लेड कोटिंग यंत्र आमच्या पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात आले आणि आता एक पूर्ण पावसाळा त्याने पाहिला आहे. यंत्राची रचना साधी आहे. खाली तापवता येणारा ॲल्युमिनियमचा सपाट पाट असून त्यावर काचपट्टी ठेवायची असते. वर दोन मायक्रोमीटर स्क्रूंवर टांगलेले पोलादी पाते आहे आणि ते पाते पुढे सरकवण्यासाठी स्टेपर मोटर व लांब आट्यांचा दांडा आहे. पात्याखाली द्रावणाचे काही थेंब सोडायचे, कळ दाबायची, आणि पाते सरकत गेले की मागे ओला थर उरतो, जो पाटाच्या उष्णतेने सुकतो. परदेशी बनावटीच्या यंत्राच्या तुलनेत किंमत इतकी कमी आहे की महाविद्यालयाच्या खरेदी समितीने फारशी खळखळ केली नाही.

सोबतच्या माहितीपत्रकात ‘आरशासारखा एकसमान थर’ असे आश्वासन दिले आहे आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु सेंद्रिय, म्हणजे कार्बनयुक्त रेणूंच्या, सौरघटासाठी थर बनवणाऱ्याने यंत्राची परीक्षा एवढ्यावर थांबवू नये, असे माझे मत आहे. डोळ्यांना सारखेच गुळगुळीत दिसणारे दोन थर आतून इतके वेगळे असू शकतात की एकातून विद्युतभार सहज वाहतो आणि दुसऱ्यात तो अडून, एकमेकांत मिसळून वाया जातो. म्हणून या परीक्षणात मी यंत्राच्या प्रत्येक भागाकडे एकाच प्रश्नाने पाहिले आहे: थर सुकण्याचा वेग आपल्या हाती ठेवायला हा भाग कितपत मदत करतो?

हा प्रश्न का विचारायचा, ते सौरघटाच्या कामातून कळते. सिलिकॉनमध्ये प्रकाश शोषला गेला की इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेला होल, म्हणजे धनभारासारखी वागणारी रिकामी जागा, जवळजवळ लगेच मोकळे होतात. सेंद्रिय पदार्थांचा परावैद्युतांक, म्हणजे विरुद्ध भारांमधील आकर्षण सौम्य करण्याची क्षमता, मात्र तीन-चारच्या आसपास असतो, तर सिलिकॉनचा सुमारे बारा, त्यामुळे सेंद्रिय पदार्थात ही जोडी एकमेकांना घट्ट धरून राहते. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. ती फुटण्यासाठी इलेक्ट्रॉन देणाऱ्या आणि इलेक्ट्रॉन घेणाऱ्या अशा दोन पदार्थांची सीमा गाठावी लागते, आणि सर्वसाधारणपणे सुमारे १० नॅनोमीटर भटकण्याच्या आतच ती विझते. कोडॅक कंपनीतील चिंग टँग यांनी १९८६ साली दोन सेंद्रिय पदार्थांचे थर एकावर एक ठेवून सुमारे १ टक्का कार्यक्षमतेचा घट दाखवला, तेव्हा सीमा एकच होती आणि तिच्यापासून दूर शोषलेला प्रकाश वाया जात होता. १९९५ च्या सुमारास दोन्ही पदार्थ एकाच द्रावणात मिसळून एकच मिश्र थर ओतण्याची पद्धत पुढे आली आणि सीमा थरभर पसरली. येथूनच थराच्या घडणीचा खरा प्रश्न सुरू झाला, कारण मिश्रण फारच एकजीव झाले तर एक्सायटॉन फुटतात खरे, पण मोकळ्या झालेल्या इलेक्ट्रॉन-होलांना आपापल्या विद्युताग्रापर्यंत जायला सलग वाट उरत नाही. उलट, पदार्थ फार मोठ्या गोळ्यांत वेगळे झाले तर वाटा रुंद होतात, पण बहुतेक एक्सायटॉन सीमेपर्यंत पोहोचतच नाहीत. साधारण १० ते २० नॅनोमीटर रुंदीचे आणि वरपासून खालपर्यंत जोडलेले प्रदेश हवे असतात, आणि ते कोणी कोरून देत नाही. द्रावण सुकत असताना ते आपोआप घडतात किंवा बिघडतात.

सुकण्याच्या वेळेचा परिणाम किती मोठा असतो, याचे जुने आणि अजूनही शिकवण्याजोगे उदाहरण २००१ चे आहे. शाहीन व सहकाऱ्यांनी पीपीव्ही जातीचा पॉलिमर (लांब साखळीचा, इलेक्ट्रॉन देणारा रेणू) आणि पीसीबीएम हे फुलरीन (कार्बनच्या पोकळ चेंडूसारखा, इलेक्ट्रॉन घेणारा रेणू) यांचे तेच मिश्रण टोल्यूईनऐवजी क्लोरोबेंझीनमधून ओतले आणि कार्यक्षमता जवळजवळ तिप्पट होऊन २.५ टक्क्यांवर गेली. पदार्थ तेच होते, बदलला फक्त द्रावक. टोल्यूईनमधून सुकताना फुलरीनचे मोठमोठे गोळे बनत होते, तर क्लोरोबेंझीनमध्ये ते अधिक विरघळत असल्याने मिश्रण बारीक राहिले. त्यानंतर पी३एचटी या पॉलिमरच्या घटांत ओतलेला थर तापवण्याने, म्हणजे ॲनीलिंगने, असाच चमत्कार दिसला. नेदरलँड्समधील ख्रोनिंगेन येथील गटाने २००६ मध्ये दाखवले की पी३एचटी आणि पीसीबीएमच्या मिश्रणात होलांची गतिशीलता, म्हणजे विद्युतक्षेत्रात सरकण्याची चपळाई, तापवल्यामुळे हजारपटीहून अधिक वाढते आणि सुमारे ०.०००२ चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद होते. सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉनांच्या सुमारे १,४०० या आकड्यापुढे हे काहीच नाही, पण अवघ्या शंभर-दोनशे नॅनोमीटर जाडीच्या थरातून बाहेर पडायला ते पुरते. आज वाय६ कुळातील नव्या ग्राही, म्हणजे इलेक्ट्रॉन घेणाऱ्या, रेणूंमुळे प्रयोगशाळेतील घट १९ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत, तरी द्रावक, सुकण्याचा वेग आणि तापमान यांची ही कसरत संपलेली नाही.

आता यंत्राकडे वळू. त्याची सर्वांत मोलाची बाजू म्हणजे वेगाचा मोठा पल्ला. पाते अगदी मंद, सेकंदाला मिलिमीटरच्या अंशाने, सरकवता येते आणि झपाट्यानेही नेता येते. ही सोय चैनीची वाटली तरी अभ्यासकाच्या दृष्टीने यंत्राचे खरे मोल तीच आहे. मंद वेगात द्रावक पात्याच्या कडेपाशीच उडून जातो आणि थर तिथल्या तिथे जमत जातो, म्हणून वेग वाढवला की थर पातळ होतो. पुरेशा मोठ्या वेगात पाते ओला थर मागे ओढून सोडते आणि तो नंतर सुकतो, म्हणून तेथे वेग वाढवला की थर जाड होतो. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी जाडी सर्वांत कमी असते. याचा अर्थ असा की तीच जाडी आपल्याला दोन निरनिराळ्या वेगांवर मिळू शकते, आणि या दोन थरांची आतली घडण सारखी असेलच असे नाही, कारण एकात घन पदार्थ सरकत्या कडेवर जमला आहे आणि दुसऱ्यात सगळा ओला पापुद्रा एकदम सुकला आहे. जाडी स्थिर ठेवून घडणीचा परिणाम वेगळा काढण्याची ही संधी काचपट्टी गरगर फिरवून द्रावण पसरवणाऱ्या स्पिन कोटरमध्ये इतक्या सहज मिळत नाही. तेथे फिरण्याचा वेग बदलला की जाडी आणि सुकण्याचा काळ हातात हात घालून बदलतात. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी याहून चांगला विषय या यंत्रावर मला सुचत नाही.

मात्र जेथे हे यंत्र सर्वांत उपयोगी ठरायला हवे, त्या मंद वेगातच त्याचा पहिला दोष उघडा पडतो. स्टेपर मोटर मंद फिरताना टप्प्याटप्प्याने सरकते, त्या प्रत्येक टप्प्याचा हिसका पात्यापर्यंत जातो आणि वाळलेल्या थरावर पात्याच्या दिशेला काटकोनात बारीक पट्टे उमटतात. जेथे पाते क्षणभर थांबले तेथे थर जाड आणि जेथे पुढे उडी घेतली तेथे पातळ. असा थर सौरघटात वापरला तर पातळ पट्ट्यांतून प्रवाह झिरपतो आणि जाड पट्ट्यांत भार साचतो, म्हणजे एकाच घटात दोन वेगळे घट शेजारी जोडल्यासारखे होते. कारखान्याने दिलेला मोटरचालक, म्हणजे मोटर फिरवणारे इलेक्ट्रॉनिक मंडल, साधा होता. तो काढून आम्ही पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेला सूक्ष्म टप्प्यांचा मोटरचालक बसवला आणि पट्टे बहुतांशी गेले. हा सुटा भाग फार महाग नाही, त्यामुळे तो मूळ यंत्रातच का बसवला नाही, हे मला उमगलेले नाही.

दुसरा दोष पाटाच्या तापमानाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. घरच्या गॅसवर ठेवलेल्या तव्याप्रमाणे हा पाट मध्यभागी अधिक तापतो आणि कडेला मागे राहतो, आणि पडद्यावर दिसणारा आकडा मधल्या संवेदकाचा असतो. क्लोरोबेंझीनचा उत्कलनांक १३२ अंश सेल्सियस आहे, क्लोरोफॉर्मचा ६१ अंश, तर ऑर्थो-डायक्लोरोबेंझीनचा सुमारे १८० अंश. पाट ज्या तापमानाला ठेवतो त्या तापमानावर या द्रावकांच्या उडण्याच्या वेगात प्रचंड तफावत पडते, आणि पाटाच्या दोन टोकांत काही अंशांचा फरक असला तरी एका काचपट्टीच्या दोन टोकांचा थर निरनिराळ्या काळात सुकतो. पी३एचटीच्या बाबतीत हे डोळ्यांनी पाहता येते. ओले असताना नारिंगी दिसणारे द्रावण सुकत जाते तशा साखळ्या एकमेकींवर रचल्या जातात आणि थर जांभळट होतो. आमचे विद्यार्थी मोबाइलच्या कॅमेऱ्याने हा रंगबदल टिपतात, तेव्हा मधून कडेकडे सरकणारी जांभळी सीमा स्पष्ट दिसते. प्रकाश शोषणाच्या आलेखात ६०० नॅनोमीटरच्या आसपास उठणारा खांदा या रचलेल्या साखळ्यांची खूण असतो, आणि तो सावकाश सुकलेल्या कडेच्या तुकड्यात मधल्या तुकड्यापेक्षा उठून दिसतो. पाटाखाली तांब्याचा जाड पत्रा घालून आणि काच नेहमी मधल्याच भागात ठेवून आम्ही निभावून नेतो, पण हे काम कारखान्याचे होते.

तापवण्याबाबत आणखी एक अडचण आहे. ॲनीलिंग झाल्यावर पाट लवकर थंड होत नाही, त्याला पंखा नाही आणि थर त्यावरच ठेवला तर तो गरजेपेक्षा जास्त वेळ तापत राहतो. पी३एचटीच्या साखळ्यांना रचना सुधारण्यासाठी उष्णता हवी असते हे खरे, परंतु तीच उष्णता जास्त वेळ मिळाली की पीसीबीएमचे रेणू मिश्रणातून सरकत एकत्र येतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसावेत एवढे मोठे स्फटिक बनतात. इलेक्ट्रॉनांची वाट मग काही ठिकाणी महामार्ग होते आणि बाकी थरात तुटते. काच चिमट्याने उचलून थंड धातूच्या ठोकळ्यावर ठेवणे हा उपाय सोपा आहे, पण तो माहितीपत्रकात कुठेही सांगितलेला नाही.

माहितीपत्रकाबद्दल माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. त्यात पात्याच्या दिशेने साखळ्या ओढल्या गेल्यामुळे गतिशीलता वाढते असे सांगून ट्रान्झिस्टरमधील मोजमापांचा आलेख छापला आहे, आणि हा जणू सौरघटासाठीचाही पुरावा आहे अशा थाटात तो मांडला आहे. ट्रान्झिस्टरमध्ये भार थराच्या पृष्ठभागाला समांतर, एका विद्युताग्राकडून शेजारच्या विद्युताग्राकडे जातो. सौरघटात तो थराच्या आरपार, वरून खाली किंवा खालून वर जातो. पी३एचटीच्या स्फटिकांत भार दोन दिशांनी बरा वाहतो. एक साखळीच्या लांबीने, आणि दुसरी एकमेकींवर सुमारे ०.३८ नॅनोमीटर अंतरावर रचलेल्या कड्यांतून, म्हणजे साखळीतील अणूंच्या सपाट वलयांतून. तिसऱ्या दिशेला, जिथे बाजूच्या हायड्रोकार्बन शाखा मध्ये येतात, तिथे थरांमधील अंतर सुमारे १.६ नॅनोमीटर असते आणि भाराला पलीकडे जाणे अवघड होते. १९९९ मध्ये सिरिंगहाउस व सहकाऱ्यांनी साखळ्यांच्या नियमिततेत फरक असलेल्या पी३एचटीच्या थरांची तुलना करून दाखवले की कड्यांची रचना काचेला समांतर दिशेत असेल तर ट्रान्झिस्टरमधील गतिशीलता, ती रचना काचेला लंब असलेल्या थरापेक्षा शंभरपटीहून अधिक असू शकते. म्हणजे ट्रान्झिस्टरला जी मांडणी लाभते ती सौरघटाला अडचणीची ठरू शकते, आणि सौरघटाला कड्या काचेवर आडव्या पसरून एकावर एक चढत गेलेल्या हव्या असतात. त्या आलेखावर भुलून कोणी हे यंत्र घेऊ नये. घ्यायचे असल्यास वेगाच्या पल्ल्यासाठी घ्यावे.

याच ओघात ‘अधिक स्फटिकमय म्हणजे अधिक चांगला’ हा समजही तपासून घ्यावा, कारण मंद वेगात बनलेला, सूक्ष्मदर्शकाखाली सुबक स्फटिक दाखवणारा थर पाहिला की विद्यार्थी लगेच खूश होतात. स्टॅनफर्डमधील क्लाइन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पी३एचटीच्या साखळीची लांबी बदलत गतिशीलता मोजली, तेव्हा आखूड साखळ्यांचे थर अधिक स्फटिकमय असूनही त्यांची गतिशीलता लांब साखळ्यांच्या थरांपेक्षा हजारो पटींनी कमी निघाली. आखूड साखळी एका स्फटिकात संपते आणि भाराला पुढच्या स्फटिकाकडे उडी मारावी लागते. लांब साखळी एका स्फटिकातून निघून मधल्या विस्कळीत भागातून दुसऱ्या स्फटिकात शिरते आणि भारासाठी पूल बनते. तेव्हा पॉलिमर मागवताना साखळीच्या सरासरी लांबीचा आकडा विक्रेत्याकडून आग्रहाने मागून घ्यावा. ही अडचण कोणतेही कोटिंग यंत्र सोडवू शकत नाही.

थरांची तपासणी करताना गतिशीलता आम्ही भारमर्यादित प्रवाहाच्या पद्धतीने मोजतो, म्हणजे केवळ होल वाहू शकतील असा घट बनवून त्यावर व्होल्टेज वाढवत जातो आणि प्रवाह व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढतो तो भाग निवडतो. मॉट आणि गर्नी यांच्या सूत्रात जाडीचा घन येतो. जाडी मोजण्यात १० टक्के चूक झाली तर गतिशीलतेत सुमारे ३० टक्के चूक येते. यामुळे पात्याखालची फट ठरवणारे दोन मायक्रोमीटर स्क्रू किती बिनचूक आहेत, हा प्रश्न थरांची तुलना करण्याच्या मुळाशी जातो. हे स्क्रू मात्र या यंत्राचा उत्तम भाग आहेत. ते चांगल्या दर्जाचे आहेत, त्यांत ढिलेपणा नाही, आणि पाते दोन्ही बाजूंनी सारखे टेकते. काचपट्टीच्या डाव्या आणि उजव्या कडेच्या जाडीत आम्हाला काळजी वाटावी असा फरक आढळलेला नाही, आणि एवढ्या किमतीत हे विशेष आहे. पाते धुण्यासाठी सुटे काढता येते आणि परत बसवल्यावर मूळ जागी येते, हीदेखील लहान दिसणारी पण रोज उपयोगी पडणारी बाब आहे.

पुण्याच्या पावसाळ्यात मात्र या यंत्राची उघडी बांधणी जाचक ठरते. त्याला झाकण नाही, कोरडी हवा आत सोडण्याची नळी नाही, आणि त्याचा आकार असा आहे की ते नेहमीच्या ग्लव्ह बॉक्सच्या, म्हणजे कोरड्या निष्क्रिय वायूने भरलेल्या बंद पेटीच्या, तोंडातून आत जात नाही. क्लोरोफॉर्मसारखा झटपट उडणारा द्रावक उडताना थराचा पृष्ठभाग गार होतो, आणि दमट हवेत त्यावर पाण्याचे सूक्ष्म थेंब साचून वाळलेल्या थरात मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे राहतात. जुलै-ऑगस्टमध्ये क्लोरोफॉर्म वापरायचाच नाही, असा नियम आम्हाला करावा लागला. घटाच्या तळाशी वापरला जाणारा पीडॉट-पीएसएस हा थर पाणी शोषतो, त्यामुळे तो आधी तापवून वाळवला तरी उघड्यावर थोडा वेळ राहिला की पुन्हा दमट होतो. पाणी आणि ऑक्सिजन यांमुळे इलेक्ट्रॉनांना अडकवणाऱ्या जागा वाढतात, म्हणून मिश्र थरातील इलेक्ट्रॉन आणि होल यांच्या गतिशीलतेत तफावत पडते. जी बाजू मागे राहते तिचा भार थरात साचतो, आणि सौरघटाच्या प्रवाह-व्होल्टेज आलेखाचा चौकोनी आकार सैल पडतो. पाषाणच्या बाजूच्या मोठ्या संशोधन संस्थांत हे सारे काम आर्द्रता नियंत्रित खोलीत होते. पेठेतल्या महाविद्यालयात खिडकीतून सरळ पाऊस आत येत असतो. आम्ही ॲक्रिलिकची पेटी करवून घेतली आणि तीत सिलिका जेलची भांडी ठेवली. काही फरक पडला, पण सुकणाऱ्या थरावरून हवेचा समान झोत सोडता येत नाही, तोवर थर सुकण्याचा वेग पूर्णपणे आपल्या हाती आला असे म्हणता येणार नाही.

विक्रीनंतरची सेवा संथ असली तरी उद्धट नाही. कारखान्यातील माणूस फोन उचलतो, अडचण ऐकून घेतो आणि बहुधा सुटा भाग पाठवतो. गुरुवारी भोसरीत सुट्टी असते हे मात्र ध्यानात ठेवावे. पाटाच्या तापमानाची तक्रार सांगितल्यावर त्यांनी नवा संवेदक दिला, पण तापवण्याची गुंडाळी बदलायला तयार झाले नाहीत. यंत्रासोबतची पुस्तिका केवळ कळा कोणत्या दाबायच्या एवढेच सांगते.

केवळ स्पिन कोटरवर शिकलेल्या गटाने हे यंत्र घ्यावे, असे मी सुचवेन. स्पिन कोटर बहुतांश द्रावण भिंतींवर उडवून टाकतो, तर येथे महागड्या पॉलिमरचे थोडे थेंब पुरतात, आणि पुढे लांब पट्ट्यांवर छपाईसारख्या पद्धतीने घट बनवायचे असतील तर त्यांची ओळख याच मार्गाने होते. सर्वोत्तम कार्यक्षमतेचा एखादा घट करून दाखवणे एवढाच हेतू असेल तर मात्र ग्लव्ह बॉक्समधील स्पिन कोटर अजून सरस आहे. मागणी नोंदवताना सूक्ष्म टप्प्यांचा मोटरचालक, पाटाच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र संवेदक आणि झाकणासह हवेची नळी, या तीन गोष्टी कोटेशनमध्ये लेखी घालून घ्याव्यात. कारखान्याने आम्हाला या बदलांसाठी सांगितलेली वाढीव किंमत मूळ किमतीच्या मानाने किरकोळ होती.